मशीनीतला राखणदार

त्या दिवशी पौषातलं आभाळ पार जमिनीला टेकलं होतं. ऊन असं पडलंच नाही. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर ट्रक भरदुपारी दिवे लावून पळत होते, आणि हवेला भिजल्या गोणपाटाचा वास होता.

म्हातारा कडूबा सुनेला, बेबीनंदाला घेऊन दुकान उघडायला आला. दुकान त्याच्या पोराचं, मच्छिंद्राचं, कॉम्प्युटरवर टायपिंग करून द्यायचं. दिवाळीआधी मच्छिंद्र याच रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हापासून कुलूप. मशीन विकून टाका, बाईमाणसानं हमरस्त्याला बसू नये, असं भावकी म्हणत होती. कडूबानं हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. बेबीनंदाला मात्र माहेरी भावाच्या दारात जाऊन पडायचं नव्हतं.

"मामा, जुना अँटिव्हायरस पुरता निघाल्याबिगर नवा बसंना," ती सासऱ्याला म्हणाली.

"ते काय असतंय?"

"मशीनीचा राखणदार. धोका दिसला की वरडतो."

ओरडायचा तो मच्छिंद्राच्या गळ्यानं. हौसेनं त्यानं स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता.

बेबीनंदानं राखणदार काढला. मशीन बंद करून परत चालू केली. पडदा उजळला, आणि…

"अगं, थांब जरा."

तिचा हात माऊसवरून निसटला.

"काढला न्हवता का, पोरी?"

"काढला की, मामा… कुठं उरलं असंल."

तिनं शोधलं. एका कोपऱ्यात एकच फाईल उरली होती. ती पुसायला गेली, तर पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या. वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला.

"पुसता येत न्हाई म्हणतंय. दुसरं कुणी माणूस… वापरून राह्यलंय म्हणतंय."

"दुसरं कोण हाय हितं?"

इतके दिवस बंद राहिलेल्या दुकानात कुठूनसा खोबरेल तेलाचा वास आला. मच्छिंद्र डोक्याला थापायचा, तसा.

कडूबाला दहावा आठवला. नदीकाठी पिंड ठेवला, कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही शिवला नाही. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं काय काय कबूल केलं. पण पोराचा जीव कशात अडकला, कुणाला कळलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्यानं हळूच पायातल्या वहाणा काढल्या. मशीनीपुढं हात जोडले.

"मच्छिंद्रा, मशीन विकणार न्हाई. दुकान बेबीनंदाच चालवील. भावकीचं मी बघतो… आता सोड, लेकरा."

मग सुनेला म्हणाला, "बघ आता."

तिनं बटण दाबलं. फाईल गेली. नवा राखणदार मुकाट्यानं बसला. बेबीनंदानं पदरानं डोळे पुसले, मशीन बंद केली, भिंतीतून पिन ओढून काढली.

बाहेर दिवस मावळला होता. "रस्त्यापल्याड तातेरावभाऊला सांगून येते, उद्यापासून दुकान चालू म्हणून," म्हणत ती निघाली. कडूबा आत मशीनीवर धडपं पांघरत बसला. तोंडातून शब्द काढला नाही.

एकदम ब्रेक करकचले. तो धावत बाहेर आला. बेबीनंदा रस्त्याच्या कडेला खांब होऊन उभी. बिनदिव्याचा ट्रक पुढं निघून गेला होता. समोरून हॉटेलवाला तातेराव पळत आला, कपबशी हातातच.

"कडूबा, बरं झालं आतून वरडलात! पोरगी गेल्तीच की खाली. पर काय हो… 'अगं, थांब जरा' असं तर मच्छिंद्रच म्हणायचा ना?"