गुरुवारी आलेला नाताळ

"ओ भाऊ… तो डबा माहा हाय!"

रागिणी रस्त्यातच ओरडली. परतवाड्यात हुसेनचाचांच्या भट्टीवर डिसेंबरात ही गडबड ठरलेली. नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांतून केकचं मिश्रण डब्यांत भरून भाजायला यायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी लावून. तिची चिठ्ठी उन्हातल्या वाऱ्यानं उडाली होती, आणि एक उंच, सावळा तरुण तोच डबा गाडीला अडकवत होता.

तो वळला. ओठाला केकचा कण.

"खाल्ला तुमी?"

"कोपरा… फक्त कोपरा! घरमालकीणबाईची नानकटाई न्यायले आलतो जी. म्हटलं, नानकटाईले संत्र्याचा वास काहून येऊन राहिला…"

"अन् दुसरा घास काहून घेतला?"

"पहिल्यात समजलं नाई ना!"

तिला हसू आवरेना. हुसेनचाचा भट्टीजवळूनच म्हणाले, "डॉक्टरसाब, सॅम्युएल मास्तर की बेटी है. अब तो पूरा केक खाना पडेगा, घर जाके."

तो श्याम. तेल्हाऱ्याच्या कापूसवाल्या घरातला, परतवाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकताच आलेला. केकच्या निमित्तानं ओळख झाली, मग निमित्त लागेनासं झालं. संत्र्यांच्या दिवसांत तो पिशवी भरून संत्री आणायचा. ती केकसाठी साली उन्हात वाळत घालायची, आणि तो उगाच त्यांच्यावरून हात फिरवत बसायचा… तिचा हात तिथं असेल तेव्हाच.

"घरी सांगतलं का रे?" ती विचारायची.

"सांगतो ना. एकदम नाई… आईले घेऊनच येतो नाताळाले. पायजो तू!"

तिनं वाट पाहिली. वर्षभर पाहिली.

नाताळाच्या दुपारी ऊन चांगलंच चटकत होतं. दारात बांबूवर कागदी चांदणी डोलत होती. बाबा दरवर्षीप्रमाणे कोट घालून घामाघूम. अंगणात कडुनिंबाखाली पंगत, चुलीवर मटणाचा रस्सा. करंज्या, अनारसे, केक – सगळं मांडलेलं. आणि एका बाजूला झाकून ठेवलेली पुरणपोळी, कढी, वांग्याची भाजी. पाहुण्या बाईंना आपल्या घरची भांडी चालतील न चालतील, म्हणून रागिणीच्या आईनं ते सारं नव्या कोऱ्या पातेल्यांत केलं होतं.

श्याम खरंच आईला घेऊन आला. पार्वताबाई खुर्चीवर टेकल्या, चांदणीकडे पाहून "चांगली हाय" म्हणाल्या. रागिणीनं ताट पुढं ठेवलं.

"आज माहा गुरुवार हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "उपास."

"मंग दूध घ्या, काकू. केळं घ्या…"

"पानीबी नाई घेत मी दिवस बुडेपर्यंत."

रागिणीनं मान हलवली. ठीक आहे. एका दिवसात कुठं होतं सगळं! श्यामचा हात अनारशाकडे गेला होता. पार्वताबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

हात मागं आला.

"माहाबी…" तो ताटाकडे पाहत म्हणाला, "माहाबी उपास हाय."

वर्षभरात कितीतरी गुरुवारी त्यानं तिच्या डब्यातलं मटण बोटं चाटत खाल्लं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वर पाहिलं नाही. बाबाच घाईनं म्हणाले, "हाव, हाव… उपास मोडू नये," आणि स्वतःच्या हातानं त्यांनी पुरणपोळीवर पुन्हा झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाशी उभा होता.

"रागिणी, आई समोर होती. काय करू मी? हळूहळू मानते ती…"

"काकूचा राग नाई मले. त्यायनं जे होतं ते तोंडावर सांगतलं. त्यायच्यासाठी पाच वर्सं थांबली असती मी."

"मंग?"

"तू काहून खोटं बोलला?"

तो फाटकाची कडी उगाच वर-खाली करू लागला.

"एक अनारसा होता, श्याम. उद्या लग्न झाल्यावर कोणी विचारलं, ही कोण, तं काय सांगशीन?"

"मले तू आवडते… खरंच."

"ठाव हाय मले. तेच तं वाईट हाय."

त्यानं फाटक ओढून घेतलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर विरला.

आतून आईनं विचारलं, "कोण होतं वं?"

रागिणीनं डोळे पुसले. खरं सांगावं असं तिच्या मनात होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच आणि किती सहज आलं, याचंच तिला नवल वाटलं.

"कोणी नाई, आई. रस्त्यानं जानारा माणूस होता. पत्ता विचारून राहिला होता."