पायटच्या पदकावरची ताजी अक्षरं

पटो न पटो, पण हे घडलेलं आहे. वार गुरुवार, १४ नोव्हेंबर १९७४. इंग्लंडमधलं लिचफील्ड गाव. दुपारचे तीन.

एव्हरार्ड टिल्सली जुनी लष्करी पदकं पारखायचे. दुकान आजोबांपासूनचं. त्या दुपारी समोर डॉर्कस पायट नावाच्या सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. दोन्ही हातांत चहाचा कप.

मखमलीवर त्यांच्या आजोबांचं पदक होतं. सायलस पायट. क्रिमियाचं युद्ध, १८५४ चं, रशियाविरुद्धचं.

त्या युद्धाची पदकं सैनिकांना कोरीच मिळत. मग ज्याचा तो सोनाराकडून कडेवर नाव कोरून घेई.

"गावात अजून म्हणतात, सायलस लढाईआधीच पळाला," बाई म्हणाल्या. "आता चर्चमध्ये सैनिकांच्या नावांचा फलक रंगतोय. पाद्रीबाबा म्हणतात, कडेवरचं नाव जुनं आहे अशी चिठ्ठी आणा, तरच त्याला फलकावर घेतो."

टिल्सलींनी भिंग लावलं.

हे पारखणं तसं सोपं आहे. पदक वापरात आलं की कडेवर ओरखडे पडतात. नाव जुनं असेल, तर ओरखडे अक्षरांवरून जातात. नाव नवं असेल, तर अक्षरं ओरखड्यांना कापून जातात.

इथे प्रत्येक ओरखडा कापलेला होता.

अक्षरांत मळ नाही. काठ नखाला बोचत होते.

"बाई, कुणाकडून कोरून घेतलंत हे?"

"मी? अहो, मला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"मग कुणी सोनार असेल."

"त्याचा पत्ता मिळाला तर मलाही द्या. मला भेटायचंय त्याला."

टिल्सलींनी पदक मखमलीवर ठेवलं, कागद ओढला आणि लिहिलं, 'नाव खोटं.'

किर्र...

त्यांनी मान वर केली. बाईंचे हात कपाभोवतीच होते.

उंदीर असेल.

त्यांनी पुढे लिहिलं, 'नुकतंच कोरलेलं.'

किर्र... किर्र...

मखमलीवर काहीतरी चमकलं. चांदीचा कीस. केसाएवढा.

त्यांनी बोट लावलं. तो गरम होता.

"हातचलाखी चालणार नाही इथे!"

"हात हे बघा. मोजून घ्या हवे तर." बाईंनी कप खाली ठेवला आणि पिशवीतून दोन जुन्या चिठ्ठ्या काढल्या. "आणि हेही वाचा."

एक चिठ्ठी १९२१ ची. टिल्सलींच्या आजोबांचं अक्षर.

दुसरी १९४८ ची. टिल्सलींच्या वडिलांचं.

दोन्हींत एकच मजकूर... 'पदक खरं. नाव याच आठवड्यात कोरलेलं.'

"त्या पहिल्या चिठ्ठीपायी माझे वडील मान खाली घालून मेले," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरातले तुम्ही तिसरे."

टिल्सलींनी पुन्हा भिंग उचललं.

अक्षरं मघापेक्षा खोल होती.

"अहो, असं कोरत राहिलात तर कोण खरं मानणार?" ते पदकाकडे बघत पुटपुटले.

"कुणाशी बोलताय?" बाईंनी विचारलं.

टिल्सलींनी लिहिलेला कागद फाडला. दुसरा घेतला. 'नाव खरं आणि जुनं आहे.' खाली सही.

कोरण्याचा आवाज थांबला.

भिंगात दिसलेलं सोडून लिहिलेली त्यांची ही एकुलती एक चिठ्ठी. बाई गेल्यावर त्यांनी खुर्ची उलटी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं, गालिचा उचलला. एखादी तार, एखादी कळ... काहीतरी सापडावं म्हणून.

काही नव्हतं.

एप्रिलमध्ये पाद्रीबाबांचा फोन आला. आवाजात संशय होता.

"मिस्टर टिल्सली, त्या फलकावर एकवीस नावं आहेत. रंगारी शपथेवर सांगतो, सगळी एकाच दिवशी रंगवली. वीस कधीच वाळली."

"आणि एकविसावं?"

"पायटचं. पाच महिने झाले... सोनेरी रंग अजून बोटाला लागतो. कुणीतरी रोज नवा हात देतंय. बाईंना विचारलं, तर त्या रडायला लागल्या." पाद्रीबाबांनी आवाज चढवला. "तुमची चिठ्ठी खरी आहे ना? नाहीतर ते नाव मी खरवडून टाकतो."

टिल्सलींना हो म्हणता येईना.

नाही म्हणायची छाती होईना.