बसल्या जागी नऊ

सायकलवर टांग टाकण्याआधीच सकीनाच्या रक्तातलं लॅक्टेट निघालं नऊ.

चाचणी घेणाऱ्या संभाजीने हातातलं छोटं यंत्र पुन्हा पाहिलं. "मॅडम, पोरगी अजून खुर्चीतच बसलीय हो."

डॉ. वासंती आपट्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. लॅक्टेट रक्तात साठतं ते जोर लावल्यावर. आरामात एकच्या आसपास, छाती फुटेस्तो घाट चढला की नऊ. ते जितकं उशिरा चढेल, तितका स्वाराचा दम मोठा.

"चाचणी पुरी करा," त्या म्हणाल्या. आज गुरुवार. त्यांचा दत्ताचा निर्जळी उपास, वर अख्ख्या वारज्यात पाणी बंद. वाद घालायचं त्राण नव्हतं.

सकीना पेडल मारू लागली. दर टप्प्याला भार वाढला, बोटातून थेंब निघाला. नऊचे सहा झाले, सहाचे चार. पार शेवटी आकडा पुन्हा चढला.

जयसिंगराव खिडकीपाशी उभे होते. सकीना आणि शर्वाणी, दोन्ही मुलींचे प्रशिक्षक तेच, आणि शर्वाणी तर पोटची पोर. तिची चाचणी आधीच निर्वेध पार पडली होती. खिडकीत त्यांचा दह्याचा डबा. सकाळी त्यांनी वासंतीबाईंनाही आग्रह केला होता. बाईंनी उपासाचं सांगून हात जोडले होते.

"वाईट वाटतं, बाई," ते हळू म्हणाले. "काहीतरी घेतलं असणार पोरीने. संशयास्पद म्हणून शेरा मारा आणि मोकळ्या व्हा."

राष्ट्रीय शिबिरात जागा एकच. तो शेरा पडला की सकीनाची सायकल कायमची भिंतीला लागणार. बाहेर बाकावर तिचे अब्बा, खडकीच्या कारखान्यातून रजा टाकून आलेले दादामियाँ, टोपी चुरगाळत बसले होते.

"मॅडम, आमची पोरगी खोटं बोलत नाही," ते दारातून एवढंच म्हणाले.

वासंतीबाईंनी इतरांना बाहेर थांबवून सकीनाला समोर बसवलं.

"काल घाट मारलास?"

"नाही मॅडम. सरांनीच आराम सांगितला होता."

"औषध, गोळी?"

"अम्मीची शपथ, काही नाही."

"सकाळपासून पोटात काय गेलं?"

"चहा-पाव. इथं आल्यावर दही."

"कुणी दिलं?"

"सरांनी उजव्या हातावर घातलं. म्हणाले, चांगल्या कामाला निघताना आमच्यात घेतात. नीट कालवून बोटांनी खा म्हणाले."

"हात धुतलास?"

"नळ कोरडा होता. रुमालाला पुसला. मग संभाजीदादांनी त्याच बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला."

वासंतीबाईंनी खिडकीतल्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी शर्वाणीला हाक मारली.

"तुलाही दही दिलं बाबांनी?"

"हो. चमच्याने भरवलं."

"हातावर नाही?"

"एरवी प्रत्येक शर्यतीला हातावरच घालतात. आज म्हणाले, तोंड उघड."

तासाभराने, सकीनाचा श्वास पुरता शांत झाल्यावर वासंतीबाईंनी सगळ्यांना आत घेतलं. पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने, साबण लावून तिचा हात धुवायला लावला. सुई टोचली. यंत्राने दाखवलं, एक पूर्णांक दोन.

मग त्यांनी डबा उघडला, स्वतःचं बोट दह्यात बुडवलं, रुमालाला पुसलं, वर स्पिरिट फिरवलं.

"बाई, उपास..." संभाजी पुटपुटला.

"थेंबभर रक्ताने उपास मोडत नाही रे. टोच."

यंत्राने दाखवलं, आठ.

"मी सकाळपासून या खुर्चीतून हललेली नाही," त्या म्हणाल्या. "जोर वाढला की आकडा चढतो. हिचा जोर वाढला आणि आकडा उतरला. शरीर असं करत नाही. दर टप्प्याला पुसलं जाणारं बोट करतं. दही आंबट होतं ते त्याच लॅक्टिक आम्लाने."

"अहो, चुकून झालं," जयसिंगराव म्हणाले. "रीत आहे आपली."

"रीत मलाही ठाऊक आहे. प्रशिक्षकांच्या मागच्या वर्गात मीच बजावलं होतं, चाचणीआधी हाताला दही-ताक लागू देऊ नका. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. ते लक्षात होतं म्हणून तर स्वतःच्या मुलीला चमचा. आणि नळ बंद असताना दुसऱ्याच्या मुलीच्या बोटांना दही."

जयसिंगराव जमिनीकडे बघत राहिले. "एकच जागा होती हो, बाई."

शर्वाणी पुढे आली. "म्हणजे मी तिला हरवेन असं तुम्हाला कधी वाटलंच नाही, बाबा?"

वासंतीबाईंनी शेरा लिहिला, पण तो प्रशिक्षकाच्या नावापुढे. एक केस सुटल्याचा आनंद काही झाला नाही. लहानपणी आई दारात उभी राहून हातावर घालायची ते दही त्यांना सारखं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आल्यावर दोघींची चाचणी नव्याने झाली. सकीनाचा आकडा शर्वाणीपेक्षा उशिरा चढला.

ती शिबिराला निघाली तेव्हा वासंतीबाई स्वारगेटला आल्या. पिशवीत, रात्री देवापुढे दिवा लावून विरजलेल्या दह्याची वाटी.

सकीनाने वाटी पाहिली आणि नकळत उजवी मूठ मिटली.

"आज कुणी बोट टोचणार नाही," वासंतीबाई म्हणाल्या.

"घे बेटा," दादामियाँ म्हणाले.

तिने अवघडत हात पुढे केला. डावा.

"उजवा गं," वासंतीबाई म्हणाल्या, आणि थांबून राहिल्या.