पाठमोरे बगळे

"ओमेश, खाली बस ना! पाखरांऐवजी तुझंच डोकं येईल फोटोत!"

"येऊ दे ना ताई! चोर सापडला म्हणून मलेच पकडशील!"

दिव्याने कपाळावर हात मारला आणि पाण्याकाठच्या अर्जुन वृक्षाच्या खोडाला कॅमेऱ्याचा पट्टा घट्ट आवळला. तेरा वर्षांची दिव्या दिवाळीच्या सुट्टीत गोंदियाहून नवेगाव बांधजवळ मावशीच्या गावी आली होती. येताना शाळेच्या निसर्ग मंडळाचे दोन कॅमेरे सरांकडून मागून आणले होते. समोर काहीही हललं, की ते आपोआप फोटो काढत आणि त्यावर दिवस-वेळ छापत. उन्हापावसाला तर ते भीकच घालत नसत!

पण इथे आल्या आल्या तिच्यासमोर निराळाच पेच उभा राहिला. शामकला मावशीच्या बचत गटाने गावची बोडी, म्हणजे छोटा तलाव, मासे पाळायला घेतली होती. श्रावणात सोडलेली रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आता पंज्याएवढी झाली होती. परवा बायांनी जाळं टाकून पाहिलं, तर मासे निम्मेही उरले नव्हते!

"पाखरं खाऊन राहिले! दुसरं काय?" गजेंद्र मामाजींनी निकाल देऊन टाकला. मामाजी म्हणजे मावशीचे धाकटे भाऊ आणि बोडीचे राखणदार. त्यांनी लगेच दोन पिशव्या सुतळी बॉम्ब आणले. येत्या रविवारपासून रोज सकाळी पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, धडाडधूम!

ते ऐकून मावसभाऊ ओमेशचं तोंड एवढंसं झालं. बोडीखालच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसांची जोडी राहत होती. त्यांचं गेरूच्या रंगाचं पिल्लू अजून उडायला लागलं नव्हतं. अंड्यात होतं तेव्हापासून ओमेश त्याच्यावर लांबून नजर ठेवून होता आणि त्याचं नावही त्याने गेरूच ठेवलं होतं. बॉम्ब फुटला तर आईबाप उडून जातील, आणि गेरू? तो एकटा कुत्र्यांच्या तावडीत सापडेल!

"आई, नोको ना फोडू!" तो मावशीच्या मागे लागला.

मावशी कठोर नव्हती, पण तिचाही जीव टांगणीला लागला होता. "बारा बाया दिवसरात राबल्या रे बाबू. कोणतं पाखरू खाते ते रविवारच्या आत दाखवा. मंग त्याच्यापुरताच बंदोबस्त करू."

"दाखवतो!" दिव्या ठणकावून म्हणाली. "आज सोमवार. पुष्कळ दिवस आहेत!"

एक कॅमेरा अर्जुनावरून पाण्याकडे पाहत होता. दुसरा ओमेशने गुडघाभर पाण्यात शिरून तिथल्या एका खांबाला बांधला. त्याचं तोंड तुडुमाजवळच्या पाळीकडे होतं. तुडूम म्हणजे बोडीतून शेताला पाणी सोडायचं दार.

शुक्रवारी दुपारी दोघं ओसरीवर फोटो पाहायला बसली. अर्जुनावरच्या कॅमेऱ्यात एक खंड्या, दोन ढोकऱ्या, पंख वाळवणारे तीन पाणकावळे आणि नऊ वेळा ओमेशचं डोकं!

"हे तीन पाणकावळे अर्धी बोडी खातील?" दिव्याने नाक उडवलं. "पोटं फुटतील त्यांची!"

मग तिने खांबावरच्या कॅमेऱ्याचे फोटो उघडले आणि दोघांचे डोळे विस्फारले. मंगळवारी सकाळी सात वाजता एकतीस बगळे! बुधवारी एकही नाही. गुरुवारी पुन्हा सातलाच, चौतीस! आणि आज सकाळी पाळ रिकामी.

"एक दिवसाआड उपास असंल त्याईचा!" ओमेश म्हणाला.

दिव्या हसली, पण तिची नजर फोटोवरच खिळली होती. काहीतरी विचित्र होतं खास! तिने तो मोठा करून पाहिला. "ओमेश, अरे हे सगळे पाठमोरे आहेत!"

"मंग? लाजून राहिले असतील."

"अरे वेड्या, कॅमेरा कुठे आहे? बोडीत! म्हणजे त्यांची पाठ बोडीकडे आहे. मासे खायला आलेला बगळा माशांकडे पाठ करून कशाला उभा राहील?"

ओमेशच्या हातातला शिंगाडा हातातच राहिला. "म्हंजे मच्छी पाळीच्या पल्याड हाय?"

"उद्या शनिवार. उद्या पुन्हा येतील बघ!"

शनिवारी साडेसहालाच दोघं बेशरमाच्या झुडपांमागे दबा धरून बसली. सातच्या सुमारास मामाजी आले. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते नाटकात राजा होणार होते, त्यामुळे पंधरा दिवसांपासून त्यांच्या डोक्यात दुसरं काहीच शिरत नव्हतं.

"खबरदार दुष्टा! पाऊल पुढे टाकशील तर..." असं गरजत त्यांनी पाळीखाली, शेताच्या बाजूला असलेलं तुडुमाचं चाक फिरवलं. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला एक दिवसाआड पाणी द्यायचं काम त्यांचंच होतं. पाणी पाटात धो धो वाहू लागलं आणि राजेसाहेब मागे वळूनही न पाहता निघून गेले.

आणि बगळे आले! दहा, वीस, तीस! पाळीवर ओळीने उभे, सगळ्यांची नजर खाली पाटाकडे! दिव्या आणि ओमेश धावत पाळ उतरली. पाटात रोहू आणि कतले उसळ्या मारत वाहत चालले होते!

"चाक बंद कर! जोर लाव!"

दोघांनी लोंबकळून चाक फिरवलं. पाणी थांबताच ओमेशने तुडुमाच्या तोंडात हात घातला. "ताई! चौकट हाय, जाळीच नाई!" मासे अडवणारी लोखंडी जाळी गायब होती. नुसते चार बोल्ट लोंबत होते. दिव्याने त्यातला एक काढून खिशात टाकला.

"जाळी गेली कुठे पण?"

त्याचं उत्तर दुपारी आपण होऊन चालत आलं. शाळेच्या पटांगणात नाटकाची तालीम रंगली होती. मावशी आणि गटाच्या बाया शिंगाडे सोलत बघत बसल्या होत्या. ढोलकी वाजली आणि गजेंद्र मामाजी ऐटीत आले. छातीवर चिलखत असं चकाकत होतं, की बायांनी टाळ्याच पिटल्या!

ओमेश त्यांच्याजवळ गेला आणि नाक फेंदारून हुंगू लागला. "मामाजी, तुमच्या चिलखताले मच्छीचा वास काऊन येऊन राहिला जी?"

हशा पिकला. दिव्याला मात्र चिलखताच्या चार कोपऱ्यांत चार भोकं दिसली. तिने खिशातला बोल्ट काढून एका भोकात घातला. तो अगदी फिट्ट बसला!

"मावशी, ही बोडीच्या तुडुमाची जाळी आहे! मासे पाखरांनी नाही पळवले, पाण्याबरोबर वाहून गेले. बगळे फक्त पाटात आयतं जेवायला येत होते!" आणि तिने एकेक फोटो दाखवला.

मामाजींचा राजेपणा क्षणात उतरला. "चांदीचा रंग मारला तं लय चकाकली ना बाई... मंडईपुरतीच घेतली होती. पाणी सोडतानी ध्यानातच नाई रायलं."

मावशी कमरेला पदर खोचून उभी राहिली. "राजेसाहेब, तुमची फौज मंग पाहू! आधी माही परजा वाहून चालली, तिले आणा!"

राजा बादली घेऊन पळत सुटला! पाटाच्या शेवटी खोलगट डबरा होता आणि त्यात शेकडो मासे जिवंत वळवळत होते. बगळ्यांनी आपला वाटा नेला होता, पण बराच माल शाबूत होता. सांजेपर्यंत बायांनी बादल्याच बादल्या बोडीत ओतल्या आणि चांदीच्या रंगाची जाळी पुन्हा तुडुमात बसली. सुतळी बॉम्बच्या पिशव्या मावशीने स्वतःच्या हाताने पाण्याच्या टाकीत बुडवल्या. ओमेश ते बघत उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

मंडईच्या दिवशी मामाजी गोणपाटाचं चिलखत घालून आले आणि गरजले, "खबरदार! कोणी तुडुमाची जाळी काढाल तर!" सारं गाव पोट धरून हसलं. मग सरपंच केशोरावांनी दोघांना मंचावर बोलावलं. "आमी इतकी मोठी माणसं पाखराईले शिव्या देऊन मोकळे झालो," ते म्हणाले, "या पोट्ट्याईनं पाखरं कुठं पाहून राहिले ते पाहिलं!" टाळ्या थांबेचनात. मावशी तर सगळ्यांना सांगत सुटली होती, "माहीच पोट्टे हायेत जी दोघंबी!"

निघायच्या दिवशी सकाळी दिव्याने खांबावरचा कॅमेरा काढला आणि त्यातला शेवटचा फोटो उघडला. पाळीवर एकही बगळा नव्हता. गेरू तेवढा एकटा उभा होता, मान तिरकी करून थेट कॅमेऱ्यात बघत.

"पाह्य ताई," ओमेश म्हणाला, "हा नाई लाजून राहिला!"