मिठागराचा खोटा नकाशा

"उद्या सकाळी चौकशी समिती बसतेय आणि दुपारपर्यंत माझी नोकरी गेलेली असेल," ऐश्वर्या चित्रे म्हणाली. "ज्याने हे केलं त्याला मला रस्त्यावर आलेलं बघायचंय."

नौपाड्यातल्या एका खोलीच्या ऑफिसात सरोज गुप्ते शांतपणे ऐकत होत्या. खासगी तपासाच्या धंद्यात केस पांढरे केलेली ही बाई अशिलाच्या रागाला कधी वारा घालत नसे. त्यांचा सहायक उत्तम म्हात्रे मात्र लगेच पेटला. इतक्या शिकलेल्या मुलीला कुणी असं गोत्यात आणावं? त्या माणसाला आडवाच करायला हवा, असं त्याला मनापासून वाटलं.

कल्याणजवळच्या एका विद्यापीठात ऐश्वर्या इतिहास शिकवत होती. तिथल्या ग्रंथालयाच्या दुर्मीळ संग्रह कक्षात, एका मिठागर-मालकाच्या जुन्या कागदांच्या पेटीत, तिला हाताने काढलेला नकाशा सापडला. ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं, सव्वाशे वर्षांपूर्वीची. तिने तो पुस्तकात छापला आणि पुस्तक गाजलं. मग विभागातल्याच अद्वय देशमुखने भर सभेत दाखवून दिलं, की नकाशातला मोठा बांध स्वातंत्र्यानंतर घातलेला आहे. नकाशा खोटा, आणि तो ऐश्वर्यानेच बनवून पेटीत सरकवला, असा आळ तिच्यावर आला.

सरोजबाईंनी पुस्तक मागून घेतलं. उत्तमने खांद्यावरून डोकावून पाहिलं. पानभर नकाशा, चारही कडा स्वच्छ कापलेल्या. देखणा आहे, याहून जास्त काही त्याला सुचलं नाही.

शीळफाट्याच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा बाईंनी त्याला पुस्तकातलं ऋणनिर्देशाचं पान वाचायला लावलं. कुलगुरू, सासूबाई, प्रकाशक, कॅमेरा उसना देणारी मैत्रीण.

"गावातलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"'खाडीकाठचे ग्रामस्थ'. एवढंच आहे, मॅडम."

दुर्मीळ संग्रह कक्षाची प्रमुख संचिता राणे दारातच हात आडवा घालून उभी होती. "पेन, पिशवी लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल आणि सुटे कागद. बाहेर जाताना एकेक कागद तपासते मी."

"आणि आत येताना?"

"आत येताना काय तपासायचं? इथून वस्तू चोरीला जातात, बाई. इथे कोणी काही आणून ठेवत नाही."

तिने कुलपातून नकाशा काढला. सभेनंतर तो पारदर्शक पाकिटात बंद होता. संचिता, ऐश्वर्या आणि समिती सोडून मूळ कागद कोणी पाहिला नव्हता. सरोजबाईंनी पाकीट उजेडाकडे धरलं. खालच्या कडेला बारीक भोकं होती, आणि पाकिटाच्या तळाशी पिवळसर भुगा साचला होता.

संचिताचा चेहरा उतरला. "हे शक्यच नाही. दान आलेली प्रत्येक पेटी आम्ही प्लास्टिकमध्ये बांधून आधी डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. कीड, अंडी, सगळं मरतं. त्याशिवाय कागद या दारातून आत येत नाही."

"हा भुगा ताजा आहे. बाकीचे कागद?"

संचिताने पेटी उघडून एकेक कागद झटकला. भोकं जुनी होती, पण भुग्याचा कणही पडला नाही.

"मॅडम, आपण माणूस शोधतोय ना?" उत्तम कुजबुजला. किड्यामुंग्यांत सकाळ घालवणं त्याला पटत नव्हतं.

"ही पेटी कोणी कोणी उघडली?" बाईंनी संचिताला विचारलं.

"ऐश्वर्याने. तिच्याआधी फक्त विनीत केणीने. त्याच्या घरची माणसं त्या मिठागरात राबायची. अद्वय सर तर या कक्षात कधी फिरकलेच नाहीत."

अद्वय देशमुखने आढेवेढे घेतले नाहीत. "विभागातली तिची जागा मला मिळायला हवी होती. ती बुडाली तर मला आनंदच होईल, खोटं कशाला बोलू? पण बांधाचं मला कुठून कळणार? निनावी फोन आला. म्हणे, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला नकाशा दाखवा. मी दाखवला. पहिल्यानेच सांगितलं."

विनीत केणी घोडबंदर रोडवर एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. ऑफिसखालच्या टपरीवर त्याने दोघांना चहा पाजला.

"आजीच्या मालकाचे कागद म्हणून बघायला गेलेलो. नकाशा-बिकाशा काय नव्हता तेव्हा. मी बघितला तो पुस्तकातच."

"ऐश्वर्या तुमच्या आजीला भेटली होती?"

"महिनोन्‌महिने यायची. पुस्तकात आहे ते सगळं आजीने सांगितलेलं. पुस्तक आलं तेव्हा आजी होती. मी तिला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत विचारत होती, माझं नाव कधी येतंय रे? दिवाळीत गेली."

"आणि तो नकाशा कसा वाटला?"

विनीत हसला. "खालची कड किड्यांनी चाळण केलेली. शिकलेल्या लोकांना तेवढं पुरतं. जुनं दिसलं की झालं."

सरोजबाईंनी कप खाली ठेवला. उत्तमला पोराची दया आली. संशय मात्र आला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सरोजबाईंनी सगळ्यांनाच बोलावून घेतलं.

"पेटी फ्रीझरमधून निघाली होती," त्या म्हणाल्या. "तरी या एकाच कागदात कीड जिवंत आहे. म्हणजे हा कागद नंतर आत आला. येताना कोणी तपासत नाही, त्यामुळे ते सोपं होतं. संचिताने हे केलं नाही. किडीशी वैर धरणारी बाई आपल्याच कक्षात कीड सोडणार नाही. अद्वयने पेटीला हातही लावला नाही. ऐश्वर्याने केलं असतं, तर स्वतःलाच पकडून देणारा फोन कोणी केला? ज्याने नकाशा काढला त्याला तो पकडला जायला हवा होता."

त्या विनीतकडे वळल्या. "तुम्ही नकाशा फक्त पुस्तकात पाहिला, म्हणालात. पुस्तकात कडा कापल्यात. किड्यांनी खाल्लेली खालची कड तिथे नाहीच. ती तुम्हाला कशी माहीत?"

विनीतने मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

"कागद विठ्ठलवाडीच्या रद्दीतला. नकाशा मी काढला. पेटीत मी ठेवला. फोनपण माझाच. मिठागर म्हटलं की ऐश्वर्या ही पेटी मागवणार, मला माहीत होतं. तिने गावातल्या एका माणसाला नकाशा दाखवला असता तर वाचली असती. म्हणून तर तो बांध काढला. पण आमच्याकडून घ्यायचं तेवढं तिला जमतं, विचारायचं जमत नाही, हे ती आजीकडे यायची तेव्हाच ओळखलेलं. पुस्तक सगळं आजीने सांगितलेलं, आणि आजीचं नाव कुठेच नाही. हिचं नाव हिच्या डोळ्यांदेखत मातीत जावं, एवढंच हवं होतं मला. मिळालं."

ऐश्वर्या ताडकन उठली. "पोलिसांत द्या याला. आत्ताच्या आत्ता."

"देऊ," समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या. "नकाशा तुम्ही बनवला नाही, हे सिद्ध झालं. पण अहवालात कारणही लिहावं लागेल. यांच्या आजीचं नाव काय?"

"ऐश्वर्यालाच विचारा," विनीत म्हणाला. "आमच्या ओट्यावर बसून आजीच्या हातचं जेवलीय ती."

ऐश्वर्याने तोंड उघडलं. उत्तम तिच्याकडे पाहत राहिला. काल ज्याला आडवा करायला तो निघाला होता त्याचा त्याला विसर पडला. आता या मुलीने एक नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

"मी..." ती म्हणाली. "मी त्यांना आजीच म्हणायचे."

अध्यक्षांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग विनीतने सांगितलं, हौसाबाई बामा केणी, आणि त्यांनी ते अहवालात लिहून घेतलं.