ग्नोची म्हणायचं नाही

"ग्नोची... नाही, नाही, न्योकी. न्यो-की. ब्रुशे... छे! ब्रुस्केटा."

तनुजाचा हात स्कूटीच्या किल्लीवरच थांबला. स्पाइन रोडवरच्या नव्या इटालियन हॉटेलचं पार्किंग, रणरणती दुपार, आणि शेजारच्या बाइकवर एक माणूस हेल्मेटसकट आरशात बघत जप केल्यासारखा पुटपुटत होता. आणि शब्द तरी कुठले? लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावता लावता जे ती सकाळपासून घोकत होती, तेच!

घोकणार नाही तर काय करेल बिचारी? हल्ली आधी मुलामुलीनं बाहेर भेटायचं, जमलं तर मग घरी कांदेपोहे. मागच्या खेपेला कॅफेत तिनं 'एक्सप्रेसो' मागवली. समोरचा मुलगा गालातल्या गालात हसला, "एस्प्रेसो" म्हणाला, आणि संध्याकाळी निरोप आला, मुलगी जरा गावठी वाटते. मोशीत पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं घर तिचं. त्याची लाज तिला कधी वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. त्यात या वेळी वहिनीनं मध्यस्थाला फोनवर ठोकून दिलं, "आमच्या तनुजाला इटालियन म्हणजे जीव की प्राण!" आणि तनुजानं जन्मात पिझ्झ्यापलीकडे काही खाल्लं नव्हतं.

"हसताय ना?" हेल्मेट वळलं.

"नाही हो." चेहऱ्यावर घट्ट स्कार्फ, त्यावर गॉगल, म्हणून तिला धीर आला. "शेवटचं बरोबर म्हणालात. सी-एच आला की क म्हणायचं. जी-एन आला की ग गिळायचा."

"तुम्हाला येतं? देव पावला! मग हे सांगा." त्यानं फोनवरचं मेनूकार्ड पुढे केलं.

"ता-ल्या-ते-ले. यातलाही ग गिळायचा."

"एवढे ग गिळून माझं पोट इथंच भरेल!"

ती खुदकन हसली. "कुणासाठी एवढी तयारी?"

"मुलगी बघायला आलोय. म्हणजे... तीच मला बघणार. मी राजगुरुनगरचा, चाकणला कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट करून थेट आलो. ती इथलीच, लॅबमध्ये असते. इटालियन म्हणजे जीव की प्राण आहे म्हणे तिला, आणि मी पडलो मिसळवाला. काही चुकलो तर म्हणेल, कुठला हा गावंढळ... फोटो पाहिल्यापासून झोप नाही हो, ताई."

ताई! तनुजाच्या काळजात धस्स झालं. आज जिला भेटायला बोलावलं होतं ती हीच, आणि हा अजिंक्य. हाच तो.

"ऑल द बेस्ट," ती कशीबशी म्हणाली. तो आत गेला. आत तोंड उघडलं की आवाज ओळखणार. मग सगळंच उघडं पडणार. खोटं रेटलं तर जन्मभर न्योकी खावी लागेल, खरं सांगितलं तर संध्याकाळी पुन्हा तोच निरोप. आणि या वेळी तो निरोप जिव्हारी लागला असता... कारण हा माणूस तिला आवडला होता.

पळून जावं? स्कूटी चालूही केली तिनं. मग बंद केली, स्कार्फ सोडला आणि आत गेली.

तो उठून उभा राहिला. तिनं नुसती मान हलवली. वेटर आला. अजिंक्यनं घाम पुसत, एकेक ग गिळत, बिनचूक ऑर्डर दिली.

"तुम्ही काय घेणार?" त्यानं विचारलं. तिनं मेनूकार्ड तोंडापुढे धरलं.

"माझं... काही चुकलं का?"

त्याचा तो पडलेला चेहरा तिला बघवेना.

"नाही. ग छान गिळलात."

त्याचा पाण्याचा ग्लास हवेतच राहिला. "ताई...?" म्हणाला, आणि जीभ चावली.

"वहिनीनं थाप मारली हो," ती एका दमात बोलत सुटली. "मी यातलं काहीच खाल्लेलं नाही. उच्चार सकाळी व्हिडिओ बघून शिकले. मागच्या मुलानं गावठी म्हणून नकार दिला मला. आता तुम्हीही..."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "म्हणजे तुम्हीसुद्धा घोकून आलात? माझ्यासाठी?"

"नाहीतर काय, वेटरसाठी?"

तेवढ्यात न्योकी आली, सॉसमधले बटाट्याचे छोटे गोळे. तिनं घाबरत एक घास घेतला. "अय्या! ही तर आईची शेंगोळी. नुसती बिनतिखटाची!"

तो हसणार, तोच त्याचा फोन वाजला. "आई आहे," तो म्हणाला आणि उचलला. "व्हय आई, भेटलो. ...मुलगी? गावठी हाय."

तनुजाचा चमचा थांबला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आपल्यासारखीच," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "रविवारी त्यांच्याकडं जायचं. पोहे न्हाई... शेंगोळी खायला. त्यांनी बोलावलं तर."

फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "ते ताई म्हटलेलं तेवढं... विसराल ना?"

"मुळीच नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "जन्मभर ऐकवणार."

"जन्मभर... म्हणालात?"

आता स्कार्फ हवा होता, असं तिला फार वाटलं.

"खा गुपचूप," ती म्हणाली. "न्योकी गार होतेय."