पाऊल न उमटलेला चिखल

गुलाब दारात येऊन उभा राहिला तेव्हा रेवताबाई मारबते पाट्यावर चटणी वाटत होत्या. वाटण अर्ध्यावर सोडायला लावणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी राग येई. पण या माणसाच्या अंगावर संग्रहालयाच्या पहारेकऱ्याचा गणवेश होता, पायात चपला नव्हत्या, आणि बहुधा तेही त्याच्या लक्षात नव्हतं.

"बाई, पाच वाजता माह्यावर चोरीची तक्रार करतो म्हणून राहिल्या मॅडम," तो म्हणाला. "नोकरी जाते तं जाऊ द्या. पन धा माणसायसमोर चोर म्हटलं मले."

रेवताबाईंनी बावीस वर्षं पोलिसात जमादारी केली होती. निवृत्तीनंतर भंडाऱ्यात त्या खाजगी तपासाची कामं घेत. मदतीला दीर होते, बुधराम, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. डोकं जरा सावकाश चालणारे, पण स्कूटर बरी चालवणारे.

"वहिनी, जेवून जाऊ ना," बुधराम म्हणाले.

"पाच वाजेपर्यंतच वेळ आहे भाऊ. उठा."

वाटेत गुलाबनं सगळं सांगितलं. अश्वजित रामटेके गेल्या वर्षी वारले. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, नाव मात्र परदेशापर्यंत पोचलेलं. ते संकल्पना कलाकार होते. म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यामागचा विचार महत्त्वाचा मानणारे, निदान पत्रिकेत तरी तसं छापलं होतं. लोक ओळखत ते त्यांच्या चिखलपाटामुळे. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटताना बायांनी बसावं आणि चिखलावरून अलगद सरकावं असा तो लाकडी पाट. या एका पाटानं त्यांना मोठे सन्मान मिळवून दिले.

आज त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मरण्याआधी त्यांनी लिहून ठेवलं होतं की संग्रहालयाच्या काचेच्या छताखालच्या अंगणात धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं चिखलाचं शेत, करावी, मधोमध एका दगडावर त्यांचा सीलबंद पितळी डबा फडक्यात बांधून ठेवावा, आणि तो पाहुण्यांसमोर उघडावा. पंधरा दिवसांपूर्वी गुलाबनं स्वतःच्या हातानं डबा ठेवला. मग दिघोरी गावच्या बायांनी दगडापासून दारापर्यंत पऱ्ह्यांची रोवणी केली. आज सकाळी तालमीसाठी गाठोडं बाहेर आणलं, तर आत वीट.

संचालिका नंदिनी पुण्याच्या. बोलणं मोजकं, पण अगदी ठाम.

"यात तपासण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "हा रविवारी दुपारचा फोटो. सगळं हिरवं, चिखलावर ओरखडासुद्धा नाही. आज सकाळीही नव्हता. बांधीत डावीकडे दिसतात ती पावलं आमच्या सुताराची, मिथुनची, गाठोडं आणायला तोच आत गेला होता. चिखलात कुणी उतरलंच नसेल, तर डबा रोवणीच्या आधीच गेला. आणि तो ठेवायला दिला होता गुलाबकडे. गुलाबनं आत वीटच ठेवली."

बुधरामांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. गुलाबकडे लक्ष जाताच त्यांनी मान थांबवली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रेवताबाई दारात उकिडव्या बसल्या. बांधी पंचवीस फूट लांब होती. उजवीकडे दारापासून दगडापर्यंत हाताभर रुंदीचा एक पट्टा इतर पऱ्ह्यांपेक्षा फिकट, पिवळसर दिसत होता. रांगा मात्र सुतात होत्या.

"हे असं काहून झालं?" त्यांनी विचारलं.

"रोग पडला असेल," नंदिनी म्हणाल्या. "फवारणी करायला सांगते."

"मधल्या दिवसांत इथं कोण होतं?"

"रविवारी दुपारी गुलाब सुट्टीवर गेला. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी आणि दीपमालाताई रामटेके फोटो लावत होतो. दुपारी मी घरी गेले ती थेट चारला आले. ताई थांबल्या होत्या. काल मंगळवारी मात्र दिवसभर दहा माणसं इथेच राबत होती."

मिथुन हा मांडणीचं सुतारकाम करणारा, भंडाऱ्याचाच. हातात ड्रिल घेऊनच तो बोलला.

"सोमवारी मी नागपूरले होतो, चौकटी आणाले. दुकानदाराले फोन लावून पाहा."

"आणि हे पऱ्हे पिवळे काहून?"

"वरच्या काचेतून तिकडंच ऊन पडत असंन. करपले."

तिसऱ्या होत्या दीपमाला रामटेके, अश्वजितच्या पत्नी. पांढरी साडी, चष्मा, नागपुरात तीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं. नवऱ्याच्या फोटोखाली त्या मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन रात्री डोळा लागला नसावा, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"त्या डब्यात काय होतं, ताई?"

"मला कल्पना नाही."

"गुलाबनं घेतला असंन?"

दीपमालांनी पिशवी जवळ ओढली. "त्याला पोलिसात देऊ नका," मग त्या म्हणाल्या. "मी नंदिनीला तसं सांगितलंय."

"तो पट्टा तेवढा खराब दिसते. पाहुणे काय म्हणतील?"

"काही होत नाही. चार दिवसांत जीव धरतील, मग हिरवे होतील," दीपमाला म्हणाल्या, आणि पुन्हा पिशवीवर हात ठेवून बसल्या.

रेवताबाई फाटकाशी आल्या. गुलाब तिथं उभाच होता. स्टुलावर बसायची त्याची हिंमत होत नव्हती.

"सुट्टीत कुठं होता?"

"लाखांदूरले, पोरीकडं. रविवारी गेलो, काल सकाळी आलो." त्यानं खिशातून चुरगळलेली तिकिटं काढली. बुधरामांनी ती उजेडात धरली. आयुष्यात पहिल्यांदाच वहिनींच्या तपासात त्यांचा अधिकार चालत होता.

"जातानाचं रविवारी दोनचं. येतानाचं काल सकाळचं पहिल्या गाडीचं. दोन्ही बरोबर आहेत."

"घरी कोण असते?" रेवताबाईंनी विचारलं.

"कोनी नाही. बायको होती, सीता, चार वर्षं झाले वारून. अश्वजितसाहेबानंच मले हे काम लावून देल्लं. लय जीव लावत. काहून लावत, कोनाले मालूम."

साडेतीनला रेवताबाईंनी सगळ्यांना नंदिनींच्या खोलीत बसवलं. गुलाबलाही बोलावलं आणि खुर्ची दिली. तो टेकला, तोही काठावर.

"चोर चिखलातूनच गेला," रेवताबाई म्हणाल्या. "पावलं त्यानं रोवून बुजवली."

"म्हणजे?" नंदिनींनी विचारलं.

"रोवणारी बाई मागं मागं सरकते. पाय मागं पडतात, हात समोर रोवतात. पावलाचा खड्डा हातानंच सारखा होते. या चोरानं जाताना वाटेतले पऱ्हे उपटले, जुडी हाती धरली, दगडावरचा डबा काढून फडक्यात वीट बांधली, आणि येताना मागं सरकत पुन्हा रोवले. चिखल सपाट, रांगा सरळ. पन उपटलेलं रोप दुखावते, त्याच दिवशी मान टाकते. दोनएक दिवसांत पिवळं पडते, मग जीव धरते. बाकीची बांधी पंधरा दिवसांची, म्हणून हिरवी."

"हे गुलाबही करू शकतो," नंदिनी म्हणाल्या. आवाजातला ठामपणा आता अर्धाच उरला होता.

"रविवारी दुपारच्या तुमच्या फोटोत पट्टा हिरवा आणि ताठ आहे, फोटो काढला तेव्हा गुलाब निघाला होता. काल तुमची दहा माणसं इथं होती, आणि रात्री रोवलेलं सकाळी पिवळं पडत नाही. राहिला सोमवार. सोमवारी गुलाब लाखांदूरले, मिथुन नागपूरले. तुम्ही दोघीच."

नंदिनींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी सगळ्यायले एकच प्रश्न विचारला. तुम्ही म्हणाल्या, रोग. मिथुन म्हणाला, ऊन. पिवळं दिसलं का माणूस असंच कायतरी म्हणते. दीपमालाताई म्हणाल्या, चार दिवसांत जीव धरतील. पंधरा दिवसांच्या रोवणीबद्दल असं कोनी म्हणत नाही, ताई. परवाच्या रोवणीबद्दल म्हणतात."

दीपमालांनी चष्मा काढला.

"दहावीपर्यंत मजुरीनं रोवणीला जायचे मी," त्या म्हणाल्या. "कॉलेजात कुणाला कधी सांगितलं नाही. वाटलं होतं, हात विसरले असतील."

त्यांनी पिशवीतून पितळी डबा काढून टेबलावर ठेवला. सील शाबूत होतं.

"जाळणार होते. दोनदा काडी पेटवली. आत काय आहे ते यांनी मरताना सांगितलं मला. चिखलपाट यांनी केलेला नाही. दिघोरीच्या एका बांधीत यांनी तो पाहिला, दोन दिवसांसाठी मागून नेला, आणि परत दिलाच नाही. ज्या बाईनं तो फळकुटं ठोकून केला होता, तिचं नाव होतं सीताबाई." त्या गुलाबकडे पाहू शकत नव्हत्या. "मला यांचं नाव वाचवायचं होतं. तुझ्यावर आळ येईल असं मनातही नव्हतं. पण आला, तेव्हा मी गप्प बसले. हे जास्त वाईट केलं मी. सकाळपासून मेल्यासारखं झालंय."

मिथुन जमिनीकडे पाहत होता. सकाळी चोर म्हणणाऱ्या दहा माणसांत तोही होता.

"मले मालूम होतं," गुलाब म्हणाला. "पाट तिनं माह्यासमोर ठोकला. पेपरात साहेबाचा फोटो आला तेव्हा तिनं पाहिला. म्हणाली, जाऊ द्या, आपल्याले कोन इचारते. पन त्या साली पऱ्ह्यात बसाले तिनं दुसरा पाट केला नाही. चिखलातच बसली."

दीपमालांनी तोंडाला पदर लावला.

"पोलिसात देऊ का यांना?" नंदिनींनी हळू आवाजात विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं करू, गुलाबभाऊ." भाऊ हा शब्द त्यांनी त्याला पहिल्यांदाच लावला होता.

"मले कोनाले कायी करायचं नाही," गुलाब उठत म्हणाला. "पन मले चोर सगळ्यायसमोर म्हटलं. आता जे हाये तेही सगळ्यायसमोरच म्हणा. खोलीत नको."

नोकरीत असताना कितीतरी माणसांना रेवताबाईंनी चारचौघांत पकडलं होतं आणि बंद खोलीत सोडलं होतं. ते सगळे त्यांना एकदम आठवले.

पाच वाजता अंगण भरलं. पाहुणे आले, फीत कापली. नंदिनींनी भाषण टाळलं आणि माईक दीपमालांकडे दिला. त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी आधी गर्दीत गुलाबला शोधलं. तो मागं, भिंतीशी उभा होता.

"हा डबा आज सकाळी सापडत नव्हता," दीपमाला म्हणाल्या. "गुलाबभाऊंनी काही चोरलेलं नाही. चोरी आमच्या घरात झाली. दोनदा झाली. पहिली माझ्या नवऱ्यानं केली, दुसरी मी."

त्यांनी सील तोडलं आणि चिठ्ठी उलगडली. पहिल्याच ओळीत सीताबाईंचं नाव होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, मग गुलाबकडे हात करून पुन्हा एकदा वाचलं. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं, आणि वाट मोकळी होत गेली ती थेट गुलाबपर्यंत.